माझे हात लहान आहेत म्हणून

पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या आमच्या गोठ्यात रात्री-अपरात्री गाय अडली की घरातली सगळी माणसं माझ्याकडे बघतात. कारण एकच, माझे हात लहान आहेत. लग्नात चुडा भरायला आलेली कासारीण म्हणाली होती, "पोरीचा हात हाय गं, दोन-दोनचं माप." आत्यांनी (सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो) ते लक्षात ठेवलं असणार. पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी मला गोठ्यात हाक मारली. भाऊजींचा पंजा म्हणजे फावडं, नवऱ्याचा त्याहून थोर. त्यामुळे आडवं आलेलं वासरू फिरवायचं, अडकलेली वार (वासरामागून पडणारी झिल्ली) काढायची, ही कामं गेली बावीस वर्षं माझ्याकडे आहेत. बांगड्या उतरवायच्या, कोपरापर्यंत खोबरेल चोळायचं आणि हात आत घालायचा. हातमोजे डॉक्टर लोकांनी घालायचे, आपण नाही, असं पक्कं डोक्यात होतं.

मागच्या वर्षी याच हाताने मला तीन महिने आडवं पाडलं. त्यावर लिहीन लिहीन म्हणत राहिले. परवा शेजारच्यांनी मध्यरात्री दार वाजवलं आणि आता लिहायलाच हवं असं झालं. ते शेवटी सांगते.

दिवाळीनंतर आम्ही बाजारातून एक गाय आणली होती. चांदी. एचएफ (होल्स्टीन, विलायती) संकरित, दुसऱ्या वेताची, पाच महिन्यांची गाभण, किंमत ८५,०००. कानात ओळख क्रमांकाचा बिल्ला नव्हता, बिल्ल्याचं भोक मात्र होतं. "तारेत अडकून तुटला," विकणारा म्हणाला. आम्ही कास बघितली, सड बघितले, दात बघितले. कानाचं भोक बघून पुढे गेलो. आणली तशी थेट दावणीला बांधली, आमच्या आठ जनावरांच्या मधोमध, कारण तिथेच जागा रिकामी होती.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सातव्या महिन्यात ती गाभडली. पहाटे तीनचा सुमार, कडाक्याची थंडी. वासरू मेलेलंच पडलं, खोंड होतं. शेपटीच्या टोकाला नुकते केस फुटले होते. वार काही पडेना. दुपारपर्यंत वाट पाहिली आणि मग नेहमीप्रमाणे मला हाक आली. आत हात घातला तेव्हाच काहीतरी वेगळं लागलं. वार एरवी ओली, हातातून निसटणारी असते. ही चामड्यासारखी जाड होती आणि गाठींवर पिवळट चिकटा. मी ती सोडवून सोडवून ओढत अर्धा तास काढला. आदल्या दिवशी उसाचे वाढे तोडताना उजव्या अंगठ्यावर विळ्याची चीर गेली होती. तेल लागून ती चुणचुणत होती, तेवढंच आठवतं. मग अंगाच्या साबणाने हात धुतले आणि चहा टाकला.

काढलेली वार आणि मेलेलं वासरू भाऊजींनी उकिरड्याच्या कडेला टाकलं, वरून थोडा पाचोळा सारला. संध्याकाळी वस्तीवरची कुत्री त्यातलं काहीबाही घेऊन पळाली. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच झालं.

तीन-साडेतीन आठवड्यांनी ताप सुरू झाला. सकाळी माणूस ठणठणीत, धार काढून होई. दुपारी चारनंतर अंगात कणकण, दिवेलागणीला १०२, आणि पहाटे घामाने पोलकं पिळून काढावं असं ओलं. त्या घामाला भिजलेल्या कडब्यासारखा वास यायचा. जवळच्या दवाखान्यात टायफॉइडची तपासणी झाली, 'थोडं आहे' म्हणून औषधं दिली. आठ दिवस बरी. पुन्हा ताप. पुन्हा वेगळी औषधं, पुन्हा आठ दिवस बरी. तिसऱ्या खेपेला कमरेने दगा दिला. धारेला उकिडवं बसता येईना, बसलं तर उठता येईना. एका ठिकाणी म्हणाले, वय झालं, पाळी जायची वेळ आली की असं होतं. मी ४४ वर्षांची. आत्यांनी मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. वजन सात किलो उतरलं, तेव्हा मात्र नवरा घाबरला.

मगरपट्ट्याजवळच्या एका फिजिशियनकडे गेलो. वयस्कर गृहस्थ. आधीच्या सगळ्या केसपेपरांची चळत त्यांनी उलटीपालटी केली आणि विचारलं, "काम काय करता?"

मी काही बोलायच्या आत नवरा म्हणाला, "गृहिणी आहे." खरंच, सगळ्या केसपेपरांवर तेच होतं. गृहिणी. पहाटे चारला शेण काढते, दोन्ही वेळच्या धारा काढते, वैरण तोडते, कुट्टी करते, हडपसरच्या दोन सोसायट्यांना दूध घालते आणि कागदावर गृहिणी. दोष डॉक्टरांचा नाही, तो शब्द आम्हीच सांगितलेला. मी म्हटलं, "घरी नऊ जनावरं आहेत, ती मीच बघते." त्यांनी पेन खाली ठेवलं. "गेल्या दोन-तीन महिन्यांत कुठली गाभडली का?"

निदान तिथेच झालं म्हणायचं. रक्ताच्या तपासण्यांनी नंतर शिक्कामोर्तब केलं. ब्रुसेलोसिस. गुरांच्या डॉक्टरांच्या भाषेत सांसर्गिक गर्भपात. जंतू गायी-म्हशींच्या गर्भाशयात आणि कासेत राहतो, गाभडलेल्या जनावराच्या वारेत, पाण्यात, मेलेल्या वासरात तो बेसुमार असतो. माणसात शिरायला त्याला हाताची एक चीर पुरते, डोळ्यात उडालेला थेंब पुरतो, निरसं दूध पुरतं. गोठा झाडताना उडालेल्या कणांबरोबर श्वासातूनही जातो. लागण झाल्यापासून ताप यायला बहुधा दोन ते चार आठवडे लागतात, कधी काही महिनेही. तोवर माणूस वार विसरलेला असतो. एका माणसाकडून दुसऱ्याला हा आजार सहसा होत नाही, हे ऐकून मुलांच्या काळजीतून सुटले.

रक्ताचं कल्चर (रक्तातला जंतू वाढवून बघायची तपासणी) पाठवताना डॉक्टरांनी प्रयोगशाळेला फोन करून आधी सांगितलं, संशय ब्रुसेलाचा आहे. हा जंतू सावकाश वाढतो, म्हणून बाटली लवकर फेकून द्यायची नसते. शिवाय तपासणाऱ्यालाच तो लागू शकतो. माझ्या रक्ताच्या दोन चमच्यांनी कुणीतरी अनोळखी मुलगी आजारी पडू शकते, हा विचार त्या रात्री तापाहून जास्त बोचला.

औषधं सहा आठवडे. डॉक्सिसायक्लिन दिवसातून दोनदा आणि सकाळी उपाशीपोटी रिफॅम्पिसिन. एकही दिवस चुकवायचा नाही, कारण हा जंतू आपल्याच पेशींच्या आत दडून बसतो आणि उपचार अर्धवट सोडले तर ताप पुन्हा उलटतो. गंमत अशी की डॉक्सीची गोळी दुधाबरोबर घेऊ नका म्हणून बजावलं होतं. दुधाचा धंदा करणारी बाई रोज सकाळ-संध्याकाळ कोऱ्या पाण्याने गोळी गिळत होती. रिफॅम्पिसिनने लघवी केशरी होते, डोळ्यातलं पाणीसुद्धा. ते औषध टीबीतही देतात, त्यामुळे मेडिकलवाल्या पोराने ते काउंटरवर ठेवताना माझ्याकडे बघितलं आणि चार दिवसांत वस्तीवर 'मोठ्या वैनीला टीबी झालाय' अशी बातमी. हळदीकुंकवाला बोलावणं आलं नाही. पाठीचं दुखणं, रात्रीचा घाम, उतरलेलं वजन, सगळं तसंच असतं म्हणा. लोकांना काय बोलणार.

पडल्या पडल्या मोबाइलवर वाचत असायचे. याला पूर्वी माल्टा ताप म्हणायचे. माल्टा बेटावर इंग्रजांचे सैनिक तापाने आजारी पडायचे, मरायचे. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून जंतू शोधला. पण तो येतो कुठून हे कळायला आणखी अठरा वर्षं गेली. १९०५ मध्ये झॅमिट नावाच्या तिथल्याच डॉक्टरला तो शेळ्यांमध्ये सापडला, धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांमध्ये. सैनिकांचं शेळीचं दूध बंद केलं आणि ताप ओसरला. धडधाकट दिसणाऱ्या, हे शब्द मी दोनदा वाचले. माझ्या गोठ्यातली आठही जनावरं धडधाकट दिसत होती.

एप्रिलमध्ये मला चालता यायला लागल्यावर आधी गोठ्याचं रक्त तपासलं. सरकारी डॉक्टरांनी नमुने घेतले. औंधला रोग अन्वेषण विभागाची प्रयोगशाळा आहे, तिथे नवरा थर्मासात बर्फ घालून ते घेऊन निघाला, मीही मागे बसले. मुंढवा, येरवडा, विद्यापीठ चौक करत दीड तास लागला. काही नमुन्यांची चाचणी जवळून बघू दिली. पांढऱ्या प्लेटवर रक्तातल्या पाण्याचा एक थेंब, शेजारी गडद गुलाबी औषधाचा एक थेंब, काडीने ढवळलं आणि प्लेट हळूहळू डोलवत ठेवली. चार मिनिटांची मुदत. बाकीचे थेंब शाईसारखे एकजीव राहिले. एका थेंबात मात्र बघता बघता रव्यासारखे कण धरले, दूध नासताना धरतात तसे.

नऊपैकी दोन निघाल्या. एक चांदी, ती अपेक्षितच होती. दुसरी हरणी.

हरणी म्हणजे आमच्या गोठ्यातली सर्वांत जुनी, घरचीच पैदास. गेल्या वर्षी ती नीट व्यालेली, वेताला भरपूर दूध. इथे मला एकदम आठवलं. चार वर्षांपूर्वी हरणी गाभडली होती. आठव्या महिन्यात. तेव्हा आम्ही काय म्हणालो? गव्हाणीपाशी पाय घसरून पडली म्हणून. कुणी पडताना बघितलं नव्हतं. पण गाय गाभडली की काहीतरी कारण लागतं: पाय घसरला, दुसरीने शिंग मारलं, वैरण उष्ण पडली. वारही मीच काढली होती. डॉक्टरांनी सांगितलं, हा रोग झालेली गाय बहुतेक वेळा एकदाच गाभडते. पुढच्या वेतांना नीट विते, पण प्रत्येक वेळी वारेतून आणि दुधातून जंतू टाकत राहते. म्हणजे चांदीच्या कानातल्या भोकावरून मी त्या बाजारवाल्याला तीन महिने शिव्या घातल्या, आणि कदाचित आमच्याच हरणीने माझ्याच दावणीला चांदीला हा रोग दिला होता. चांदी मधोमध, म्हणजे हरणीच्याच शेजारी बांधलेली.

आता या दोघींचं करायचं काय, यावर घरात जी भांडणं झाली ती लिहिण्यासारखी नाहीत, पण थोडं लिहिते. जनावराला या रोगावर उपचार करत नाहीत, तो हमखास जातच नाही. भाऊजी म्हणाले, "चांदीला बाजार दाखवू. अंगाने भरलीय, साठ तरी येतील." घरावर कर्ज, माझ्या आजारपणाचा खर्च, त्यांचं चुकत होतं असं म्हणवत नाही. गोशाळेत सोडू म्हटलं तर तिथल्या शंभर जनावरांत सोडल्यासारखं. नवरा गप्प. शेवटी आत्या बोलल्या, ज्यांनी आयुष्यात प्रयोगशाळा बघितली नाही: "ही पोरगी तीन महिने कण्हत होती ते मी ऐकलंय. आता दुसऱ्याच्या सुनेला कण्हायला लावायचं का?" भाऊजी उठून गेले, दोन दिवस जेवायला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी शेतातल्या पत्र्याच्या जुन्या शेडला त्यांनीच कुंपण घातलं. दोघी तिथे आहेत. पुन्हा गाभण करवल्या नाहीत, दोघींना आटवलं, शेणमूत तिथेच जिरतं. खातात, रवंथ करतात. महिन्याचा खर्च मी मुद्दाम मोजत नाही.

गिऱ्हाइकांना सांगायचं की नाही हाही प्रश्न होताच. सोसायटीच्या ग्रुपवर मी स्वतः लिहिलं. चार घरांनी दूध बंद केलं, त्यातली दोन परत आली. एका निवृत्त आजोबांनी उत्तर लिहिलं, "आमच्याकडे दूध तीनदा उकळतं, काळजी नसावी." तेच खरं आहे. पुण्यातल्या मराठी घरात दूध आलं की आधी गॅसवर चढतं, साय उकळलेल्या दुधाची, विरजण उकळलेल्या दुधाचं, लोणी त्या सायीचं. उकळीत हा जंतू टिकत नाही. पिशवीतल्या पाश्चराइज्ड दुधातही नाही, तिथे ७२ अंशांवर १५ सेकंद दूध तापवलेलं असतं.

पण आपल्या घरांत निरसं दूध पोटात जायच्या दोन-तीन वाटा आहेत. एक पंचामृत. सत्यनारायणाला निरसंच दूध लागतं म्हणून लोक माझ्याकडून मुद्दाम वेगळं मागून नेतात आणि तीर्थ म्हणून तेच पन्नास जणांच्या हातावर पडतं. आता मी सांगते, उकळून गार केलेलं घाला, देवाला चालतं. एका गुरुजींनी भुवया उंचावल्या, घातलं मात्र. दुसरी वाट खरवसाची. खरवस वाफवलेला असतो, त्याला काही नाही, पण चीक हातात आला की बोट बुडवून चाटायची सवय मला लहानपणापासून होती, आमच्या धाकट्यालाही लागली होती. आणि तिसरी म्हणजे हल्लीची टूम. काचेच्या बाटलीत, देशी गायीचं, धारोष्ण, 'उकळू नका, गुण जातात'. बाणेरच्या एका ताईंनी मला तसं दूध दुप्पट भावाने मागितलं. देशी गाय असो की एचएफ, जंतू वशिंड बघून आत शिरत नाही. मी नाही म्हटलं. पैसे गेले, खरं आहे.

दूध उकळलं की खाणारा सुटतो. गोठ्यातला माणूस मात्र उकळीच्या आधीच्या जागी उभा असतो, म्हणून आता आमच्याकडे काही गोष्टी बदलल्या आहेत. कृत्रिम रेतन करणारे घालतात ते खांद्यापर्यंतचे प्लास्टिकचे हातमोजे डब्यात कायम असतात, वर रबरी मोजे, तोंडाला फडकं, पायात गमबूट. वार ओढायची नाही, हे तर गुरांचे डॉक्टर कधीपासून सांगत होते, ओढल्याने गर्भाशयाला इजा होते ती वेगळीच. बहुतेक वेळा ती आपण होऊन पडते, बारा तास उलटले तर डॉक्टरांना बोलवायचं किंवा १९६२ या सरकारी पशुसेवा क्रमांकाला फोन करायचा. पडलेली वार कमरेएवढ्या खड्ड्यात, वर चुना, मग माती आणि त्यावर दगड, कुत्र्यांसाठी. गाभडलेली गाय त्याच तासाला वेगळी बांधायची, खालचं गवत जाळायचं, जागा ब्लीचिंग पावडरने धुऊन उन्हात सोडायची. उन्हाला हा जंतू टिकत नाही, सावलीतल्या ओल्या शेणात मात्र महिनोन्महिने तग धरतो. बाजारातून आणलेलं जनावर महिनाभर वेगळं बांधून तपासल्याशिवाय दावणीला येत नाही. घरातल्या गरोदर बाईने तर विणीच्या वेळी तिकडे फिरकायचंच नाही.

आणि लस. ती कालवडींना आणि पारड्यांना चार ते आठ महिन्यांच्या वयात द्यायची, आयुष्यात एकदाच. खोंडांना नाही, गाभण गायीला तर मुळीच नाही, कारण ती जिवंत जंतूची लस आहे आणि त्यानेच गाभडू शकते. २०१९ पासून लाळ्या-खुरकुताबरोबर ब्रुसेलाचाही राष्ट्रीय कार्यक्रम आहे, लस मोफत मिळते. आमच्याकडे हुकत होती ती वयामुळे. लस आली तेव्हा कालवड तीन महिन्यांची, पुन्हा विचारलं तेव्हा नऊ महिन्यांची. म्हणून गोठ्याच्या भिंतीवर मी कोळशाने तारखा लिहिते, जन्माची आणि शेजारी चार महिने भरतील ती. टोचताना कालवड दोघांनी घट्ट धरायची. सुई डॉक्टरांच्याच बोटात गेली तर त्यांनाही हाच ताप येऊ शकतो. या लसीची कथा मला फार आवडते. १९२३ मध्ये एका जर्सी गायीच्या दुधातून काढलेला हा जंतू प्रयोगशाळेत वर्षाहून अधिक काळ बाहेर तसाच राहून गेला आणि त्याचा जोर उतरला. कुणाच्या तरी विसरण्यातून लस मिळाली. माझं विसरणं इतकं कामाला येत नाही.

तर परवाची गोष्ट. रात्री साडेबाराला दारावर थापा. शेजारच्या वस्तीवरची म्हैस व्याली होती, वेळेच्या महिनाभर आधी, पारडू मेलेलं आणि वार अडकलेली. "वैनी, तुमचा हात लहान हाय, जरा येता का?" मी मोज्यांचं पाकीट घेतलं आणि गेले. हात घातला नाही. दोघा नवरा-बायकोला मोजे चढवले, म्हैस बाजूला बांधायला लावली, पारडू पोत्यात गुंडाळलं, कुत्र्याला साखळी घातली. ते माझ्याकडे बघत उभे, की ही आली आणि काहीच करत नाही. तिथली सून, वीस-बावीसची असेल, मोजे न घालताच शेपटी धरून पुढे झाली. मी तिचा हात धरला. बांगड्या दोन-दोनच्या मापाच्या.

सकाळी नऊला डॉक्टर आले. वार त्याच्या आधीच, सातला, आपण होऊन पडली होती. रक्त औंधला पाठवलं आहे. सुनेला सांगून ठेवलंय, पुढच्या काही महिन्यांत कधीही ताप आला तर दवाखान्यात काम काय करता विचारायची वाट बघू नकोस, आधी म्हैस सांग.